झूजाच्या शोधात पाच दिवस

पहिला दिवस: निशिकासाई

टोकियोत उतरलो तेव्हा नोव्हेंबरची कोवळी थंडी होती. माझा मावसभाऊ विमानतळावर घ्यायला आला होता. दादा बारा वर्षं इथे आहे, सॉफ्टवेअरच्या नोकरीत, आणि राहतो अर्थातच निशिकासाईला. तोझाई मेट्रोच्या या स्टेशनाबाहेर पडलं की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी मराठीत फोनवर बोलत जाताना ऐकू येतं. तूरडाळ, गोडा मसाला, सगळं मिळतं. हा भाग एदोगावा वॉर्डात येतो, आणि 2019 मध्ये इथल्या कौन्सिलवर योगेंद्र पुराणिक हे आपले गृहस्थ निवडून आले होते. त्यामुळे पहिला दिवस परदेशात गेल्यासारखा वाटलाच नाही. वहिनी मिरजेच्या. पोहोचल्या पोहोचल्या भडंगाची वाटी पुढे आली.

"फुजी बघणार नाही, क्योतोला जाणार नाही. मग भाऊजी, तुम्ही आलात कशाला?"

सांगायला अवघड होतं. मी आलो होतो 1969 ते 75 या सहा-सात वर्षांत जपानात वाजलेल्या एका संगीतासाठी. जाझ, पण त्यात इलेक्ट्रिक गिटार, इलेक्ट्रिक पियानो, रॉकचा ठोका आणि सोल या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गाण्याचा ठसका. तिकडे शिकागो आणि 'ब्लड, स्वेट अँड टिअर्स' या बँडनी ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा रॉकमध्ये आणला, आणि 1971 च्या सुमाराला दोघेही जपानात येऊन वाजवून गेले. जपान्यांनी त्याला 'ब्रास रॉक' म्हटलं आणि तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांनी आपल्या स्टुडिओतल्या पगारी वादकांना सांगितलं: असं काहीतरी आम्हाला हवंय, पुढच्या आठवड्यात.

वादकांनी ते केलं. या 'असं काहीतरी'च्या प्रेमात मी कसा पडलो? 2018 मध्ये लंडनच्या बीबीई कंपनीने 'जे जाझ' नावाचा जुन्या जपानी ध्वनिमुद्रणांचा संग्रह काढला. तो मी ठाणे लोकलमध्ये, दारातल्या गर्दीत, कानात बोंडं घालून ऐकला. घाटकोपरला उतरायचं होतं, उतरलो दादरला.

रात्री जेवताना दहा वर्षांच्या पुतण्याला विचारलं, लुपिन माहीत आहे का? त्याने तोंडाने लगेच धून वाजवून दाखवली. पण ती युजी ओनोंची, 1977 नंतरची. त्याआधी, ऑक्टोबर 1971 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या 'लुपिन द थर्ड' मालिकेचं संगीत ताकेओ यामाशिता यांचं होतं, आणि चार्ली कोसेई त्यात असा गायचा की कार्टून लहान मुलांसाठी आहे यावर विश्वास बसू नये. मी ते मोबाइलवर लावलं. पुतण्या दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "हे म्हाताऱ्या लोकांचं लुपिन आहे."

दादाने मला एक शब्द मात्र दिला. त्याच्या ऑफिसातला एक ज्येष्ठ सहकारी तरुणपणी कॅबरेत बास वाजवायचा. तो जाझला 'झूजा' म्हणतो. जुन्या जपानी वादकांची ती चोरभाषा, शब्द उलटा करायचा. जाझचं झूजा, कॉफी म्हणजे 'कोही', तिचं 'हीको'. आपण शाळेत 'च'ची भाषा बोलायचो, तसंच. फरक एवढाच की आपण ती बाईंपासून लपवायला बोलायचो, हे लोक मालकापासून.

दुसरा दिवस: वासेदा

तोझाई मार्गाची गंमत अशी की निशिकासाईला बसलं की गाडी न बदलता वासेदाला उतरता येतं. वासेदा विद्यापीठाच्या आवारातल्या 4 नंबरच्या इमारतीत आता कादंबरीकार हारुकी मुराकामींच्या नावाने ओळखलं जाणारं ग्रंथालय आहे. जुन्या इमारतीला केंगो कुमा या वास्तुविशारदाने बाहेरून लाकडी पट्ट्यांची लाट गुंडाळली, आणि ऑक्टोबर 2021 मध्ये ते उघडलं. आत शिरलं की दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या भिंती आणि मधून उतरणारा लाकडी जिना. मुलं पायऱ्यांवर बसून वाचत होती. एक तर चक्क झोपली होती.

लोक इथे मुराकामींसाठी येतात. मी आलो होतो इमारतीसाठी. जुलै 1969 मध्ये याच 4 नंबरच्या इमारतीत, विद्यार्थ्यांच्या बंडाच्या ऐन भरात, आतून टेबलखुर्च्यांचे अडसर लावलेले असताना, योसुके यामाशिता यांनी पियानो वाजवला. बरोबर सेईइची नाकामुरा सॅक्सोफोनवर आणि ताकेओ मोरियामा ड्रम्सवर. पियानो विद्यार्थ्यांनी समोरच्या ओकुमा सभागृहातून उचलून आणला होता. हेल्मेट घातलेले, एकमेकांची डोकी फोडायला टपलेले वेगवेगळे गट समोर बसले होते. मारामारी होईल अशी सगळ्यांची अटकळ होती. कुणीच उठलं नाही. सगळे निमूट ऐकत राहिले. त्याची रेकॉर्ड 'डान्सिंग कोजिकी' या नावाने निघाली. कोजिकी म्हणजे जपानी पुराणकथांचा आठव्या शतकातला ग्रंथ.

ते संगीत माझ्या यादीतलं नाही, ते मुक्त जाझ आहे, ठरलेली चाल आणि ठोका न जुमानणारं. खरं सांगायचं तर घरी मला ते सलग दहा मिनिटांवर झेपत नाही. पण तो काळ कळायला ही खोली लागते. यामाशिता अडसरांच्या आत वाजवत होते तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला स्टुडिओत बसून हीच पिढी सोल आणि रॉक वाजवत होती, आणि वादक बरेचदा एकमेकांच्या ओळखीचे.

2022 च्या जुलैत मुराकामींनी पुढाकार घेऊन यामाशितांना पुन्हा बोलावलं. या वेळी पियानो उचलून न्यावा लागला नाही, मैफल ओकुमा सभागृहातच झाली.

तळमजल्याखाली विद्यार्थी चालवतात ते कॅफे आहे, 'ऑरेंज कॅट'. तिथे एका कडेला एक पियानो आहे. लेखक होण्याआधी मुराकामी 'पीटर कॅट' नावाचं जाझ कॉफीघर चालवायचे, 1974 पासून कोकुबुंजीला, मग सेंदागायाला. तिथला हा पियानो. झाकण बंद होतं. मी त्याच्या सगळ्यात जवळच्या टेबलावर बसलो आणि हीको मागवली. अर्थात 'कोही' म्हणालो, एवढी हिंमत नाही.

वर एक ऐकायची खोली आहे. मुराकामींच्या संग्रहातल्या रेकॉर्डी, उत्तम यंत्रणा, मऊ खुर्च्या. तिथे दीड तास गेला. बाहेर आलो तर अंधार पडलेला, साडेचारलाच. नोव्हेंबरात टोकियोचा सूर्य सरकारी नोकरासारखा वागतो.

तिसरा दिवस: आतागोयामा आणि योत्सुया

सकाळी आतागो टेकडी. टेकडी म्हणायची पंचवीस-सव्वीस मीटरची, पर्वतीची धाकटी नातसुद्धा शोभणार नाही. पण देवळाकडे जाणाऱ्या दगडी जिन्याच्या 86 पायऱ्या अशा उभ्या आहेत की खाली बघितलं की पोटात गोळा येतो. वर एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं संग्रहालय. जपानी रेडिओच्या सुरुवातीच्या दिवसांत, 1925 पासून, इथूनच प्रसारण व्हायचं.

मी इथे का चढलो ते सांगतो, कारण या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

जिरो इनागाकी नावाचे एक सॅक्सोफोनवादक. जन्म 1933 चा. त्यांच्या बँडचं नाव 'सोल मीडिया'. 1970 मध्ये त्यांची 'हेड रॉक' निघाली, 1975 मध्ये 'फंकी स्टफ', जी आज जगभरचे डीजे जीव टाकून शोधतात. पण त्यांच्या नावावरचा मोठा विक्रम वेगळाच आहे. एनएचकेच्या संशोधन प्रयोगशाळेने साठच्या दशकाच्या शेवटी आवाज आकड्यांत साठवायचं यंत्र बनवलं होतं. सेकंदाला 32 हजार वेळा आवाजाचं माप घ्यायचं, प्रत्येक माप 13 बिटांत लिहायचं, आणि ते सगळं व्हिडिओ टेपवर भरायचं. निप्पॉन कोलंबिया कंपनीने हे यंत्र वापरायला घेतलं. 1971 च्या सुरुवातीला त्यावरची जी पहिली विक्रीची ध्वनिमुद्रणं आली, त्यांतलं एक स्तोमु यामाश्ता या तालवादकाचं. दुसरं 'समथिंग': अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टीव्ह मार्कस आणि साथीला इनागाकींचा सोल मीडिया.

म्हणजे बघा, सीडी यायला अजून अकरा वर्षं होती. डिजिटल ध्वनिमुद्रण हा शब्द कुणाला माहीत नव्हता. आणि बाजारात विकायला म्हणून जगात पहिल्यांदा आवाज आकड्यांत पकडला तेव्हा समोर कुठला थोर सिंफनी वाद्यवृंद नव्हता. एक तालवादक होता आणि रोजंदारीवर वाजवणारा सोल बँड. विकली गेली ती मात्र नेहमीची काळी तबकडी, कारण घरोघरी वाजवायला दुसरं काही नव्हतंच.

संग्रहालयात ते यंत्र मला दिसलं नाही. जुने मायक्रोफोन, लाकडी रेडिओ, पहिले टीव्ही पुष्कळ. एका मायक्रोफोनसमोर उभा राहून मी उगाच घसा खाकरला.

दुपारी योत्सुया. इथे 'ईगल' हे जाझ कॉफीघर 1967 पासून चालू आहे, तळघरात. जपानी याला 'जाझ किस्सा' म्हणतात. आपला 'किस्सा' नव्हे, 'किस्सातेन' म्हणजे चहा-कॉफीचं दुकान, त्याचं हे अर्धं. परदेशी रेकॉर्ड साध्या नोकरदाराच्या आवाक्याबाहेर होत्या तेव्हा ही दुकानं वाढली. कॉफी महाग, पण एका कपावर दोन तास बसा आणि ऐका. ईगलमध्ये संध्याकाळी सहापर्यंत बोलायला बंदी आहे.

बंदी म्हणजे खरोखर बंदी. मी बसलो, पाटीवर बोट ठेवून कॉफी मागितली. सात-आठ माणसं, प्रत्येक जण एकटा, सगळ्यांची तोंडं स्पीकरकडे. जे वाजतंय त्याचं वेष्टन काउंटरशेजारी उभं करून ठेवलेलं. एक बाजू संपली की सुई उठते, ठक्, क्षणभर खोलीत फक्त कपबश्या ऐकू येतात, मग दुसरी रेकॉर्ड. त्याच रेकॉर्डची दुसरी बाजू नाही. एका माणसाला सगळं लक्ष नको, असा काहीसा हिशेब असावा. आपल्याकडे देवळात भजन चालू असताना माणसं पिशवीतली भाजी निवडतात, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण इथे बसल्यावर आपण ऐकता ऐकता सतत काहीतरी करत असतो हे कळतं. माझे हात काय करावं ते न समजून टेबलावर पडून होते.

तेवढ्यात खिशातला फोन गुरगुरला. आवाज बंद होता, नुसता थरथरला. शेजारच्या आजोबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत, पण त्यांच्या भुवया वर गेल्या. वहिनींचा फोन होता: येताना कोथिंबीर.

चौथा दिवस: योकोहामा, आणि रात्री शिंजुकू

योकोहामाचं थोडक्यात. नोगे या जुन्या वस्तीत 1933 मध्ये मामोरु योशिदा यांनी 'चिगुसा' हे कॉफीघर काढलं. 1945 च्या हवाई हल्ल्यात रेकॉर्डींसकट जळालं, त्यांनी पुन्हा उभं केलं. युद्धानंतर पियानोवादक तोशिको आकियोशी इथे येऊन तीच तीच रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगायच्या आणि सूर कागदावर उतरवून घ्यायच्या. सॅक्सोफोनवादक सादाओ वातानाबेही येत. 2007 मध्ये ते बंद पडलं, 2012 मध्ये चाहत्यांनी जवळच पुन्हा उघडलं. मी नोगेच्या गल्ल्यांतून भटकलो, एका ठेल्यावर कोंबडीच्या काड्या खाल्ल्या, बंदरावर जाऊन वारा खाल्ला. बंदर महत्त्वाचं, कारण या साऱ्याचं मूळ अमेरिकन छावण्यांत आहे. युद्धानंतरच्या वर्षांत संध्याकाळी शिंजुकू आणि टोकियो स्टेशनांबाहेर वादक वाद्यं घेऊन उभे राहायचे. लष्करी ट्रक यायचा, एक ड्रमवाला पाहिजे, दोन ट्रम्पेट पाहिजेत, म्हणून ओरडायचा. नाक्यावर गवंडी उभे असतात तसं. सैनिक मागतील ते वाजवता आलं की पैसे. हुबेहूब नक्कल हीच पात्रता.

म्हणून मला 'नकलाकार' हा शब्द या लोकांना लावलेला खटकतो. नक्कल ही त्यांची रोजीरोटी होती, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. तेरुमासा हिनो या ट्रम्पेटवादकाच्या 1969 च्या 'हाय-नॉलॉजी' रेकॉर्डवर तर 'लाइक माइल्स' नावाचीच रचना आहे. अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिससारखं! इतकं उघड सांगितल्यावर चोरी कसली? त्या बँडमध्ये इलेक्ट्रिक पियानोवर होते हिरोमासा सुझुकी. हे नाव लक्षात ठेवा, उद्या लागेल.

मला हे सगळं ओळखीचं वाटतं त्याचं कारण मुंबई. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट: गोव्याहून आलेले हे लोक हॉटेलांत किंवा बँडमध्ये पाश्चात्य संगीत वाजवायचे आणि फिल्मी स्टुडिओत संगीतकारांच्या चाली वाद्यवृंदासाठी बांधून द्यायचे. पडद्यावर नाव आलं तर आलं. टोकियोतले वादकही असेच, सकाळी जाहिरात, दुपारी टीव्ही, संध्याकाळी गायिकेला साथ. आणि वर्षाकाठी कंपनी म्हणायची, चला, यंदा तुमच्या नावाची एक रेकॉर्ड काढू. त्या एका रेकॉर्डमध्ये वर्षभराची वाफ बाहेर पडायची. अकिरा इशिकावा हे ड्रमर आफ्रिकेने झपाटले, आणि 1972 मध्ये 'युगांडा' नावाची रेकॉर्ड करून बसले. ती कंपनीने कुठल्या गिऱ्हाइकाला डोळ्यांपुढे ठेवून काढली, देव जाणे.

रात्री शिंजुकूचं 'पिट इन'. डिसेंबर 1965 मध्ये सुरू झालं तेव्हा किनोकुनिया पुस्तकांच्या दुकानामागे होतं, आता शिंजुकू 2-चोमेच्या एका तळघरात. पाटी अशी की शोधल्याशिवाय दिसत नाही. आत खुर्च्यांच्या रांगा, सगळ्या मंचाकडे तोंड करून, शाळेच्या स्नेहसंमेलनासारख्या. तिकिटात एक पेय. जेवण वगैरे भानगड नाही. चौघे तरुण वाजवत होते, ड्रमवाली मुलगी पंचविशीची असेल. तिसऱ्या रचनेत पियानोवाल्याने खुर्ची वळवून इलेक्ट्रिक पियानोवर हात ठेवला, आणि ती जुनी, किंचित गढूळ, घंटेला कापड गुंडाळून वाजवावं तशी किणकिण सुरू झाली. ही ऐकायला मी सहा हजारांवर किलोमीटर आलो होतो. शेजारच्या बाईंनी डोळे मिटून मान हलवली. आपल्याकडे असती तर 'क्या बात है' म्हणाली असती. मी ते ओठांपर्यंत आलेलं गिळलं.

पाचवा दिवस: ओचानोमिझु

शेवटचा दिवस रेकॉर्डींच्या दुकानांत गेला. पाय मोडले. ओचानोमिझुच्या चढावर एकीकडे गिटारची दुकानं, दुसरीकडे डिस्क युनियनच्या शाखा, त्यातली एक निव्वळ जाझची. जपानी जुनी रेकॉर्ड म्हणजे कौतुकाची गोष्ट. प्रत्येकीला प्लास्टिकची पिशवी, वर चिठ्ठी: तबकडी कशी, वेष्टन कसं, कोपरा कितपत दुमडलाय. आणि 'ओबी', वेष्टनाला डावीकडे गुंडाळलेली कागदी पट्टी. किमोनोच्या कंबरपट्ट्याचं तेच नाव. ही पट्टी शाबूत असली की किंमत वाढते. माणसांनी पन्नास वर्षांपूर्वी फाडून फेकलेला कागद, तो आज तबकडीपेक्षा दुर्मीळ. इथल्या संग्राहकांत या जुन्या देशी मालाला 'वामोनो' म्हणतात, म्हणजे 'आपल्याकडचं'. पन्नास वर्षांपूर्वी विलायती वाटावं म्हणून वाजवलेलं संगीत आज 'आपल्याकडचं' या खान्यात!

मी शोधत होतो ती सुझुकींची एक रेकॉर्ड. 1972 मध्ये त्यांनी 'रॉक जॉइंट बिवा' केली, बिवा या जपानी तंतुवाद्याला रॉकमध्ये घालून, कोजिकीच्या कथांवर. पुन्हा कोजिकी. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी केली, रेशीममार्गावर. जपानीत नाव 'रॉक जॉइंट शितारु', म्हणजे सतार. आणि इंग्रजीत कुणीतरी हिज्जे केले ते सी-आय-टी-एच-ई-आर. सिथर! सतार कुणी पाहिली नसावी असं नव्हे, वाजवली आहे ना. पण मुद्रणवाल्याला कोण सांगणार.

मोठ्या दुकानांत नव्हती. चौथ्या मजल्यावरच्या एका छोट्या दुकानात, जिन्यावर शिडी टेकवलेली, आत तीन माणसं मावतील एवढी जागा, तिथे मालकाच्या डोक्यामागे भिंतीवर लटकलेली दिसली. साडेसोळा हजार येन. मी बोट दाखवलं, त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रेकॉर्डकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"इंदो?" त्याने विचारलं.

"हो. इंदो."

त्याने ती दोन्ही हातांनी, बाळाला उचलावं तशी काढली, तबकडी दिव्याखाली तिरकी धरून मला दोन्ही बाजू दाखवल्या, आणि न विचारता सुई ठेवली. दोन-तीन मिनिटं आम्ही उभे होतो. राग-बिग मला त्यात सापडला नाही, आणि शोधायला गेलोही नाही. सतारीच्या तारा आणि खाली बँडचा ठोका, एवढंच डोक्यात राहिलं. सुई उचलल्यावर मालकाने कपाळाला आठी घालून माझ्याकडे पाहिलं. सतार बरोबर वाजवली आहे ना, असं त्याला विचारायचं होतं बहुतेक. पन्नास वर्षांनी, दुसऱ्याच्या वतीने. मी जोरजोरात मान हलवली. आपली ती मान, आडवी. त्याला तो नकार वाटला असावा, कारण त्याने ताबडतोब पाचशे येन कमी केले.

निशिकासाईला पोहोचलो तेव्हा ताटं वाढलेली होती. घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नाही, त्यामुळे सगळ्यांनी नुसती हातात घेऊन पाहिली. पुतण्याने वेष्टनावरची जपानी अक्षरं वाचली, "शितारु." दादाने ओबी सरळ केली.

वहिनींनी इंग्रजी नाव वाचलं. "सिथर म्हणजे काय हो, भाऊजी?"

"सतार."

त्यांनी मागे लावलेली किमतीची चिठ्ठी पाहिली, मनातल्या मनात हिशेब केला आणि आमटीचा डाव पुन्हा हातात घेतला. "एवढ्या पैशांत आमच्या मिरजेत निम्मी सतार आली असती."